युद्ध का झाले? : एका बहिणीचा शोध

आपल्या समाजात कुणी निवर्तले की उठावण्याला आलेली मंडळी हात जोडून बसतात आणि थोड्या वेळाने हलक्या आवाजात विचारतात, “कसे झाले?” घरातील एखादे वडीलधारे माणूस सांगू लागते. रात्री छातीत दुखू लागले, दवाखान्यात नेले, पहाटे गेले. दिवसभरात तीच हकीकत दहा वेळा सांगितली जाते आणि सांगता सांगता घराला थोडा धीर येतो. ‘का झाले?’ असे मात्र कुणी विचारत नाही. ते उत्तर आयुष्यकर्माकडे सोपवलेले असते. आयुष्य पुरे झाले, एवढे म्हणून माणसे उठतात.

युद्धात गेलेल्याच्या घरी एवढ्याने भागत नाही. आयुष्य तेथेही पुरे झालेलेच असते; पण त्या मृत्यूमागे माणसांनी घेतलेले निर्णय असतात, सह्या असतात, तारखा असतात. कुणीतरी करार केला, कुणीतरी तो लपवून ठेवला, कुणीतरी सैन्य हलवण्याचा हुकूम दिला आणि त्या साखळीच्या शेवटच्या कडीशी आपल्या घरचा मुलगा उभा होता. म्हणून ‘का’ हा प्रश्न तेथे विचारता येतो, आणि चिकाटी असेल तर त्याचा माग काढता येतो. तसा माग काढणारी माणसे थोडीच असतात. पहिल्या महायुद्धात वाग्दत्त वर, दोन जिवलग मित्र आणि एकुलता एक भाऊ गमावलेल्या व्हेरा ब्रिटन या इंग्रज तरुणीने तो काढला. ती कागदाच्या गिरण्या चालविणाऱ्या एका कारखानदाराची मुलगी होती. त्यामुळे तिच्या घरातील बोलणी, वडिलांची काळजी आणि मुलांचा हट्ट आपल्या वाचकांना फारसा परका वाटणार नाही.

तिच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या आगमांतील एका मातेची आठवण काढणे उचित होईल. पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन ऐकणाऱ्यांना काली, सुकाली, महाकाली आदी दहा राण्यांची आणि त्यांच्या कठोर तपांची माहिती असते. काली राणीवर ओढवलेला प्रसंग निरयावलिका सूत्रात येतो. राजा श्रेणिकाने सेचनक हत्ती आणि अठरा सरांचा हार वेहल्लकुमाराला दिला होता. पुढे कूणिक राजा झाला. त्याची राणी पद्मावती हिच्या मनात तो हत्ती आणि तो हार सलू लागला. तिने पतीच्या मागे टुमणे लावले, कूणिकाने ते भावाकडे मागितले आणि वेहल्ल आपल्या आजोबांच्या, म्हणजे वैशालीच्या चेटक राजाच्या आश्रयाला गेला. एवढ्यावरून युद्ध पेटले. कूणिकाचे दहा सावत्र भाऊ त्याच्या बाजूने रणात उतरले. त्यांतला एक कालीचा पुत्र कालकुमार.

त्या सुमारास भगवान महावीर चंपानगरीत आले. काली राणी दर्शनाला गेली आणि तिने विचारले, माझा पुत्र विजयी होईल का, मी त्याला जिवंत पाहीन का? चेटकाच्या एकाच बाणाने तो मारला गेला आहे, असे भगवंतांनी सांगितले. कुऱ्हाडीने तोडलेल्या चाफ्याच्या फांदीसारखी ती माता कोसळली. सावध झाल्यावर वंदन करून ती परतली. त्यानंतर गौतमस्वामी प्रश्न विचारतात, आणि तेव्हा कोठे युद्धामागची सारी कथा उलगडते. हत्ती, हार, मत्सर, त्याही मागे कूणिकाच्या जन्मापासूनचे वैर. ही कथा वाचताना मला नेहमी जाणवते की मातेने ‘का’ विचारलेच नाही. त्या क्षणी विचारण्याचे बळ तिच्यात कोठून असणार? तिच्या वतीने तो प्रश्न दुसऱ्याने विचारला. व्हेरा ब्रिटनच्या बाबतीत मात्र प्रश्न विचारणारीही तीच आणि उत्तर शोधणारीही तीच. त्यासाठी तिला सारे आयुष्य द्यावे लागले.

व्हेराचा जन्म १८९३ चा. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा भाऊ एडवर्ड. घर इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील बक्स्टन गावात. घरात पैसा होता, नोकरचाकर होते, पण मुलीने कॉलेजात जावे ही कल्पना वडिलांना सुरुवातीला पटत नव्हती. भावाने बहिणीची बाजू लावून धरली. एडवर्ड व्हायोलिन उत्तम वाजवी आणि स्वतः संगीतरचनाही करी. तो अपिंगहॅम येथील निवासी शाळेत शिकत होता. तेथे रोलंड लेटन आणि व्हिक्टर रिचर्डसन हे त्याचे सोबती. जुलै १९१४ मध्ये शाळेच्या वार्षिक समारंभाला व्हेरा गेली होती. देशाच्या उपयोगी न पडणाऱ्याने जगण्यापेक्षा मेलेले बरे, अशा आशयाचे भाषण मुख्याध्यापकांनी केले. पालकांनी आणि मुलांनी ते शांतपणे ऐकून घेतले. महिनाभरात युद्ध सुरू झाले.

एडवर्डने सैन्यात जायचे ठरवले तेव्हा वडील संतापले. मुलगा अजून लहान आहे, त्याने कोठेही नाव घालायचे नाही, असे त्यांनी बजावले. व्हेरा भावाच्या बाजूने उभी राहिली. वडील स्वतः अशा मोठ्या शाळेत शिकलेले नव्हते, म्हणून सन्मान आणि कर्तव्य या गोष्टी त्यांना कळत नाहीत, असे तिला तेव्हा वाटत होते. पुढे तिने आपल्या आत्मचरित्रात हा सारा प्रसंग काही न लपवता लिहिला आहे. या घरात नकार देणारा एकटा माणूस म्हणजे हिशेब ठेवणारा, फारसा पुस्तकी नसलेला व्यापारी बाप. आणि शिकलेली मुले त्याला संकुचित समजत होती. आपल्या किती घरांत, किती निराळ्या कारणांनी, हाच देखावा दिसतो! वडील प्रत्येक वेळी बरोबरच असतात असे मला म्हणायचे नाही. पण त्या ऑगस्ट महिन्यात साऱ्या युरोपात पसरलेल्या उत्साहाला ज्यांच्यापाशी भपकेबाज शब्द नव्हते त्यांचीच मने बळी पडली नाहीत, हे नोंदविण्यासारखे आहे.

शेवटी वडिलांचे चालले नाही. एडवर्ड, रोलंड आणि व्हिक्टर तिघेही अधिकारी झाले. व्हेरा ऑक्टोबर १९१४ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकू लागली. रोलंडशी तिचे मन जुळले होते. तो फ्रान्सला गेल्यावर ग्रंथालयात बसून राहणे तिला असह्य झाले. १९१५ च्या उन्हाळ्यात तिने शिक्षण सोडले आणि स्वयंसेवी परिचारिका झाली. त्याच ऑगस्टमध्ये दोघांचे लग्न ठरले. नाताळच्या रजेवर तो येणार होता, ती ब्रायटनला त्याची वाट पाहत होती. २६ डिसेंबरला सकाळी फोन आला. तोच बोलत असेल म्हणून ती धावत गेली. फोन त्याच्या बहिणीचा होता. चांदण्या रात्री काटेरी तारांचे कुंपण पाहायला बाहेर पडला असता त्याला गोळी लागली होती आणि २३ तारखेला तो गेला होता. वय वीस.

काही दिवसांनी त्याचे सामान घरी आले. ते उघडताना व्हेरा तेथे होती. चिखलाने भरलेला, रक्ताने कडक झालेला, कुबट वास मारणारा गणवेश. ते कपडे नजरेआड करा, असे त्याच्या आईने सांगितले. वीरमरण या शब्दाचा आणि त्या वासाचा मेळ कसा घालायचा, हे व्हेराला कळेना. तरीही त्या वेळी तिने युद्ध चुकीचे आहे असे म्हटले नाही. हा भाग महत्त्वाचा आहे. आपले माणूस गेल्याबरोबर डोळे उघडतात, असे आपण सहज बोलतो. बहुधा उलटेच घडते. त्याचे मरण व्यर्थ गेले असे मानणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा गमावणे, म्हणून मन त्या कारणाला अधिकच घट्ट धरून बसते. आधी दिलेल्या किमतीसाठी आणखी किंमत मोजत राहायची, हा व्यवहार बुडत्या धंद्यात पैसा ओतत राहणाऱ्यांच्या ओळखीचा आहे.

तो पुढेही चालूच राहिला. एप्रिल १९१७ मध्ये, दोन आठवड्यांच्या अंतराने, एडवर्डचा मित्र जेफ्री थर्लो मारला गेला आणि व्हिक्टर दोन्ही डोळ्यांनी आंधळा झाला. व्हेरा तेव्हा माल्टा बेटावरील रुग्णालयात काम करीत होती. व्हिक्टरशी लग्न करून त्याची काळजी घ्यायची, असे ठरवून ती घरी परतली. ९ जूनला तोही गेला.

ऑगस्ट १९१७ मध्ये तिला फ्रान्समध्ये एताप्ल येथील लष्करी रुग्णालयात पाठवले. तेथे तिच्या वाट्याला कोणता विभाग आला? जखमी जर्मन कैद्यांचा. ज्यांच्या गोळ्यांनी तिची माणसे नेली, त्याच सैन्यातील मुलांच्या जखमा तिने धुवायच्या होत्या. सुरुवातीला ती धास्तावली होती. पण मरणाऱ्या मुलाला पाणी पाजताना त्याची भाषा फार वेळ परकी राहत नाही. इंग्लंडला नेल्या जाणाऱ्या एका प्रशियन अधिकाऱ्याने आभार मानून तिच्यापुढे हात केला. शत्रूशी हस्तांदोलन करावे की नाही, असा क्षणभर विचार करून तिने तो हात हातात घेतला. आणि तिच्या मनात आले की थोड्याच दिवसांपूर्वी ईप्र येथे आपला एडवर्ड याच माणसाला ठार मारण्यासाठी जिवाचा आटापिटा करीत होता. मग या हात धरण्याला अर्थ आहे की त्या मारण्याला? दोन्हींना एकाच वेळी अर्थ असणे शक्य नव्हते. माझ्या मते तिचा ‘का’ येथे जन्मला. शत्रूच्या अंथरुणाशी ती पोहोचली नसती, तर भावाच्या मरणानंतर तिचे दुःखही द्वेषाच्या सरळ रस्त्याने गेले असते.

१५ जून १९१८ रोजी इटलीतील आसियागोच्या पठारावर ऑस्ट्रियन सैन्याने हल्ला केला. त्यात एडवर्ड ठार झाला. तो बावीस वर्षांचा होता, आणि १९१६ च्या सोमच्या लढाईतील शौर्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला होता. आईची प्रकृती ढासळल्याने व्हेरा तेव्हा लंडनला परत आलेली होती. तार घरी आली तेव्हा ती वडिलांजवळच होती. प्रथम तिनेही आपल्यासारखेच केले. कसे झाले, हे ती विचारत सुटली. एडवर्डच्या पलटणीचे कर्नल जखमी होऊन लंडनच्या रुग्णालयात होते. त्यांना ती भेटली, शेवटच्या क्षणांविषयी खोदून खोदून विचारले. मिळालेल्या माहितीने तिचे समाधान झाले नाही. मग युद्ध संपले. ११ नोव्हेंबरला लंडनच्या रस्त्यांवर लोक नाचत होते आणि ज्यांच्यासोबत ती आनंद करणार होती ते सर्व जण मातीत होते.

१९१९ मध्ये ती ऑक्सफर्डला परतली आणि तिने विषय बदलला. साहित्य सोडून इतिहास घेतला. हे सारे कसे घडू शकले, आपली पिढी आपल्या अज्ञानामुळे आणि इतरांच्या हुशारीमुळे अशी कशी वापरली गेली, हे समजून घ्यायचे आणि पुन्हा घडू नये म्हणून काही करता येईल का ते पाहायचे, असे कारण तिने दिले आहे. पंचवीस वर्षांची, चार वर्षे रुग्णालयात राबलेली, रात्री झोप न लागणारी ही बाई आपल्याहून लहान मुलींच्या शेजारी बसून तहनामे आणि राजदूतांची पत्रे वाचू लागली.

त्या कागदांत काय होते? आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर जामीनकीची साखळी. १८७९ मध्ये जर्मनी ऑस्ट्रिया-हंगेरीला जामीन राहिला. १८८२ मध्ये इटली त्यांना मिळाला. १८९४ मध्ये फ्रान्स आणि रशिया एकमेकांना जामीन राहिले. १९०४ मध्ये इंग्लंडने फ्रान्सशी, १९०७ मध्ये रशियाशी समझोता केला. त्याच्याही मागे १८३९ चा एक तह होता. त्यात बेल्जियमच्या तटस्थतेची हमी मोठ्या राष्ट्रांनी दिली होती. यातला कोणताही कागद युद्धासाठी म्हणून केलेला नव्हता. प्रत्येकाने आपली पेढी सुरक्षित राहावी म्हणून दुसऱ्याची सही घेतली होती. पण एक कूळ बुडाले की जामीन, जामिनाचा जामीन, सगळेच ओढले जातात. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर, १ ऑगस्टला जर्मनीने रशियावर, ३ ला फ्रान्सवर युद्ध पुकारले. ४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी इंग्लंड उतरले. आठ दिवसांत सर्व हुंड्या एकदम वटवायला आल्या. आणखी एक गोष्ट होती. इंग्रज आणि फ्रेंच सेनाधिकाऱ्यांची संयुक्त लढाईविषयीची बोलणी १९०६ पासून चालू होती आणि ती कित्येक वर्षे इंग्लंडच्या मंत्रिमंडळातील बहुतेकांनाही ठाऊक नव्हती. भागीदारांना न सांगता केलेला करार! आपल्याकडे अशा माणसाला पेढीवर बसू दिले जात नाही.

एडवर्डच्याच बाबतीत हा धागा आणखी थोडा ओढून पाहू. डर्बीशायरचा मुलगा इटलीच्या डोंगरात का मेला? कारण ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तो येथे इटलीचा दारुण पराभव झाला आणि त्याला सावरण्यासाठी इंग्रज पलटणी फ्रान्समधून तिकडे धाडल्या गेल्या. इटली मुळात या युद्धात का होता? तो तर ऑस्ट्रिया-जर्मनीचा मित्र. २६ एप्रिल १९१५ रोजी लंडनमध्ये इंग्लंड, फ्रान्स, रशिया आणि इटली यांनी एक गुप्त तह केला. इटलीने बाजू बदलायची, आणि मोबदल्यात ऑस्ट्रियाच्या ताब्यातील त्रेंतिनो, दक्षिण टिरोल, त्रिएस्ते वगैरे प्रदेश त्याला द्यायचे. महिन्याभरात इटली रणात उतरला. हा तह इंग्लंडच्या संसदेला दाखवला नव्हता; रशियात क्रांती झाल्यावर १९१७ च्या अखेरीस बोल्शेविकांनी तो जगजाहीर केला. बेल्जियमसारख्या दुबळ्या देशाला वाचवण्यासाठी एडवर्ड घरातून निघाला होता. तो पडला ते मात्र अशा डोंगरावर, जेथील सीमा कुणाची या सौद्यात त्याला कुणी विचारले नव्हते. सेचनक हत्ती आणि अठरासरी हार यांच्या जागी येथे प्रदेशांची नावे होती, इतकेच.

सारेच शोकग्रस्त या वाटेने गेले नाहीत. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा मुलगा जॉन याची दृष्टी इतकी अधू होती की सैन्याने त्याला नाकारले होते. वडिलांनी लॉर्ड रॉबर्ट्स या आपल्या सेनापती मित्राकरवी त्याला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो बेपत्ता झाला, वय अठरा. किपलिंग यांनी कित्येक वर्षे त्याचा शोध घेतला, युद्धातील मृतांच्या दफनभूमींच्या आयोगावर काम केले आणि त्या पलटणीचा दोन खंडांचा इतिहास १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. एका बापाने केलेला हा प्रचंड श्रमाचा जप आहे. पण त्या खंडांत खंदक, तारखा आणि हल्ले आहेत. कारणमीमांसेला त्यांत जागा नाही. त्यांचा शोध ‘कसे’पाशी थांबला. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. मुलाला स्वतः शब्द टाकून पाठवलेल्या माणसाला ‘का’ विचारणे किती अवघड गेले असेल!

आणि ज्यांना विचारण्याची सोयच नव्हती त्यांचे काय? त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीय गेले आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परत आले नाहीत. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. ती मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण गेली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे शेहेचाळीस जवान त्या महायुद्धात कामी आले. तेथे स्मृतिस्तंभ आहे. त्या घरांतील मातांना आपला मुलगा तुर्कांशी कोणत्या कारणाने लढला हे समजून घेण्यासाठी ना ऑक्सफर्ड होते, ना तहनामे, ना आपल्या भाषेत ते सांगणारे कुणी. साताऱ्याचा तुर्कांशी काय वाद होता?

व्हेराने केवळ वाचन करून थांबायचे नाही असे ठरवले. १९२१ मध्ये मैत्रीण विनिफ्रेड होल्टबी हिच्यासोबत ती आसियागोला गेली, भावाचे थडगे पाहिले. फ्रान्समध्ये रोलंडचे पाहिले. १९२४ मध्ये दोघी पराभूत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि हंगेरीत हिंडल्या. जिंकलेल्यांनी लादलेल्या अटींखाली लोक कसे भरडले जात आहेत ते तिने पाहिले आणि पुढच्या युद्धाचे बीज येथे पेरले जात आहे, हे तिच्या ध्यानात आले. राष्ट्रसंघाच्या प्रचारासाठी तिने गावोगाव व्याख्याने दिली. १९३३ मध्ये ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ हे तिचे आत्मचरित्र निघाले आणि लाखो घरांत वाचले गेले.

पण समजून घेतल्याने सर्वांना शांती मिळतेच असे नाही. वडिलांना मिळाली नाही. एडवर्डनंतर ते खचत गेले, मनाच्या आजाराने ग्रासले आणि १९३५ मध्ये टेम्स नदीत बुडून त्यांचा अंत झाला. ज्यांनी प्रथम ‘नको’ म्हटले होते, त्यांच्या दुःखाला तहनाम्यांच्या ज्ञानाचा काय उपयोग होणार होता?

१९३७ मध्ये व्हेरा युद्धाचा पूर्ण त्याग करणाऱ्या शांतता प्रतिज्ञा संघात सामील झाली, आणि दुसऱ्या महायुद्धातही तिने ती भूमिका सोडली नाही. येथे अनेक वाचकांच्या मनात शंका येईल, माझ्याही येते. हिटलरसमोर शस्त्र खाली ठेवून कसे चालले असते? आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले आहेत. श्रावकाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावी. आक्रमकाला रोखताना होणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. या कसोटीवर व्हेराची संपूर्ण भूमिका मला स्वीकारता येत नाही. परंतु १९४४ मध्ये तिने ‘सीड ऑफ केऑस’ ही पुस्तिका लिहिली, ती याच कसोटीवर मला पटते. जर्मन शहरांवर, कारखाने आणि छावण्या सोडून सरसकट वस्त्यांवर होणाऱ्या बॉम्बफेकीला तिचा विरोध होता. रात्री घरात झोपलेले मूल कुणावर चालून आलेले नसते. त्याला ठरवून मारणे हे विरोधी हिंसेत कसे बसणार? ती संकल्पीच.

या लिखाणाबद्दल तिच्यावर, विशेषतः अमेरिकेत, टीकेचा भडिमार झाला. शत्रूची हस्तक म्हणूनही तिची संभावना झाली. युद्ध संपल्यावर जर्मन गुप्त पोलिसांची एक यादी हाती लागली. इंग्लंड जिंकल्यावर कुणाकुणाला तत्काळ अटक करायची, याची ती यादी. तिच्यात व्हेरा ब्रिटनचे आणि तिच्या पतीचे नाव होते.

१९४९ च्या अखेरीस ती भारतात आली. जगभरच्या शांततावाद्यांची परिषद आधी शांतिनिकेतनात आणि नंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात भरली. ही परिषद गांधीजींच्या उपस्थितीत व्हावी अशी मूळ कल्पना होती. त्यापूर्वीच त्यांची हत्या झाली. ज्या माणसाला भेटायचे त्याची रिकामी कुटी पाहण्याची वेळ पाहुण्यांवर आली. फाळणीत आपली माणसे गमावलेल्यांच्या जखमा तेव्हा देशात ओल्या होत्या. या प्रवासावर तिने ‘सर्च आफ्टर सनराइज’ हे पुस्तक १९५१ मध्ये लिहिले. इंग्लंडमध्ये अल्पसंख्य ठरलेल्या तिच्या विचाराला येथे एक जुना, रुजलेला आधार होता.

२९ मार्च १९७० रोजी वयाच्या शहात्तराव्या वर्षी तिचे निधन झाले. आपली रक्षा आसियागोच्या पठारावर भावाच्या थडग्यावर पसरावी, अशी तिची इच्छा होती. त्या सप्टेंबरात तिची मुलगी शर्ली विल्यम्स ती घेऊन इटलीला गेली. ग्रानेत्सा नावाच्या त्या ठिकाणी झाडांच्या मधोमध एक लहानशी दफनभूमी आहे. तेथे दीडशेपेक्षा कमी थडगी आहेत. त्यांतल्या एकावर कॅप्टन ई. एच. ब्रिटन हे नाव आहे.